कळीच्या चुन्यातला पिंपळ

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला आडवा घातलेला दगडी बंधारा आहे. त्याच्या अंगावर दरसाल झाडं उगवतात. पिंपळ, उंबर, एखादा वड. पाखरं फळं खाऊन भिंतीवर बसतात आणि बी सांध्यात पडतं. तिथं माती नसते. पाणी पावसाळ्यापुरतं असतं, आणि उन्हाळ्यात दगड असा तापतो की त्यावर भाकरी शेकावी. तरी झाड येतं. बोटाएवढं असताना काढलं तर ठीक. मनगटाएवढं झालं की त्याचं मूळ पाचरीसारखं आत शिरतं आणि तीनशे वर्षांची भिंत फोडायला लागतं.

म्हणून निजामाच्या तामिरात खात्यानं, म्हणजे सरकारी बांधकामवाल्यांनी, हे काम एका गवंड्याला लावून दिलं होतं. वैशाखात नदी आटली की चार-पाच दिवस दोरानं भिंतीवर लटकायचं आणि झाडं काढायची. त्या गवंड्याचं नाव धोंडप्पा. छिन्नीच्या एका तिरक्या घावात तो खोड छाटायचा, सांधा कोरून मूळ उघडं करायचा, त्यात हिंग दाबायचा आणि वरून चुना भरायचा. हिंगानं मूळ मरतं हे त्याला बापानं शिकवलं होतं. बावीस वर्षांत त्यानं बंद केलेल्या सांध्यातून एकही झाड परत आलं नव्हतं, आणि आपल्या हाताच्या कामातली एवढी एक गोष्ट तो गर्वानं सांगायचा.

पण या कामात एक भाग त्याचा नव्हता. तो त्याच्या बायकोचा, शिवगंगेचा होता. पिंपळाला असं उपटून टाकत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्याला सांगावं लागतं, की बाबा, उद्या तुझं इथलं बिऱ्हाड उठणार. आणि नुसतं जा म्हणून चालत नाही. कुठं जा ते सांगावं लागतं. शिवगंगा हळदीकुंकवाचं ताट घेऊन बंधाऱ्याच्या पायथ्याशी उभी राहायची आणि वर एकेका झाडाकडं बघून पत्ता द्यायची. तू रामतीर्थाच्या ओढ्याला जा. तू घाटातल्या खडकावर जा. तू अणदूरच्या वाटंवरल्या पडक्या विहिरीत जा, तिथं सावली न्हाय.

"टपालखात्यात लागली असतीस तर बरं झालं असतं," धोंडप्पा हसायचा.

"जीव हाय त्याला," ती म्हणायची. "घरातनं काढायचं तर दुसरं घर दाखवाय नगं?"

मार्गशीर्षात आठ दिवसांच्या तापानं शिवगंगा गेली. लिंगायत रीतीप्रमाणं तिला रुद्रभूमीत बसवून माती दिली. मागं धोंडप्पा एकटा. मीठ कुठल्या मडक्यात असतं हे सापडायला त्याला दोन दिवस लागले. लोक भेटायला यायचे तेव्हा तो बोलायचा, उठून गेले की बसून राहायचा. त्याला रडू आलं नाही. फक्त कामाला सुट्टी असली की हातांचं काय करावं ते कळायचं नाही.

त्याला एकच मुलगी होती, प्रेमा, मुरुमला दिलेली. तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं जन्मलं आणि एक रात्र जगलं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. शिवगंगेच्या मातीला आलेली प्रेमाची सासू गंगम्मा ओट्यावर गूळपाणी घेताना सगळ्यांसमोर म्हणाली होती, "व्याही, राग धरू नका. ह्याही खेपंला कूस रिकामी राहिली तर माज्या शांतलिंगासाठी दुसरं स्थळ बघावं लागंल. तुमच्या लेकीला आमी टाकत न्हाय. राहील ती बी एका कोपऱ्यात."

प्रेमा आतल्या खोलीत होती. तिनं ते ऐकलं, हे धोंडप्पाला ठाऊक होतं. ज्येष्ठात ती बाळंतपणाला येणार होती, ज्या घरात आता बाई नव्हती त्या घरात.

वैशाख आला. जर्मनची लढाई चालू होती, बाजारात दोर मिळेना. खात्याच्या दारोगासाहेबानं कुठून तरी नवा दोर आणून दिला. दोर धरणारा गडी बलभीम. त्याच्या आणि धोंडप्पाच्या मैत्रीला कामाएवढीच वर्षं झाली होती.

"उद्यापासून धरतो," बलभीम म्हणाला. "पर झाडास्नी सांगितल्याबिगर न्हाय. वैनी होती तवर मला घोर नव्हता."

"मग सांग की तू."

"घाव तुजा पडनार. तूच सांगाय पायजे."

"म्या काय बाईमाणूस हाय?"

"बाईमाणूस न्हाईस, पर तोंड तर हाय की न्हाय? का ते बी वैनीसंगं गेलं?"

संध्याकाळी दोघं पायथ्याशी गेले. तापलेल्या दगडाची ऊब अंगावर येत होती. वर भिंतीवर चाळीसेक रोपं होती, बहुतेक पिंपळाची. वारा नव्हता, तरी पिंपळाची पानं हलत होती. ती नेहमीच हलतात. धोंडप्पानं ताट आणलं नव्हतं. तो नुसताच उभा राहिला.

"उद्या तुमचं हितलं बिऱ्हाड उठतंय," तो म्हणाला, आणि पुढं त्याला सुचेना. एवढे पत्ते शिवगंगेला कसे सुचत, याचं त्याला पहिल्यांदाच नवल वाटलं.

"पत्ता दे," बलभीम हसत हळूच म्हणाला.

"समदे आमच्या घरी जा," धोंडप्पा म्हणाला. "घर रिकामंच हाय."

बलभीमचं हसू गेलं. "असं म्हनू न्हाय, धोंडप्पा."

"का? जागा हाय की."

तो अर्धं थट्टेनं बोलला होता आणि अर्धं नाही. पाच महिन्यांत घर रिकामं आहे हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. भिंतीला सांगायला सोपं गेलं.

काम चार दिवसांत आटपलं. पाचव्या दिवशी सकाळी तो चुलीतली राख काढायला वाकला, तर राखेत रोप उभं होतं.

पिंपळाचं रोप, दोन बोटं उंच, कोवळ्या तांबूस पानांचं. आदल्या संध्याकाळी त्याच चुलीवर त्यानं भाकरी केली होती. निखारे अजून कोमट होते. त्यानं रोप चिमटीत धरून उपटलं. मूळ पांढरं, कोरडं आणि बोटभर लांब होतं. कुठून तरी राखेत पडलं असेल, असं म्हणून त्यानं ते अंगणात फेकलं.

दुसऱ्या दिवशी चुलीत दोन होती. तिसऱ्या दिवशी जात्याच्या दोन पाळ्यांच्या फटीत एक. मग मिठाच्या मडक्यात.

मिठात काही उगवत नाही, हे पोरालाही कळतं. धोंडप्पानं मडकं उजेडाला आणलं. खडेमिठातून एक सरळ दांडी वर आली होती आणि पानांवर मिठाची पूड होती. त्यानं बोट घालून चाचपलं. मूळ खाली मडक्याच्या बुडापर्यंत गेलं होतं आणि तिथं त्यानं मातीच्या भांड्याला धरलं होतं. ओढलं तेव्हा मडक्याला चीर गेली.

तो माणूस घाबरट नव्हता. बावीस वर्षं सत्तर-ऐंशी फुटांवर लटकणाऱ्याला घाबरून चालत नाही. तो दारात बसला आणि त्यानं ते रोप नीट, कामाच्या नजरेनं पाहिलं. बुडाशी खोडावर एक जुना छेद होता. तिरका, एका घावात गेलेला. छेदाच्या बाजूनं नवी फूट निघाली होती. त्यानं ते नाकाशी धरलं. हिंगाचा वास आला.

आपल्या हाताचा घाव कारागिराला ओळखू येतो.

त्या दिवसापासून त्याचं तेच काम झालं. पहाटे उठायचं, घर तपासायचं, रोपं काढायची. उतरंडीच्या मडक्यांत, उंबऱ्याच्या भेगेत, खुंटीवर टांगलेल्या पखालीच्या वाळक्या कातड्यात. पाणी कुठंच नव्हतं. परसातली शिवगंगेनं लावलेली तुळस पाणी घालूनही जळून गेली होती, आणि यांना काही लागत नव्हतं. तो त्यांना पत्ते देऊ लागला. रामतीर्थाला जा. घाटात जा. पडक्या विहिरीत जा. शिवगंगेचे जेवढे आठवले तेवढे सगळे देऊन झाले. सकाळी रोपं तिथंच.

शेवटी तो शेजारच्या दगडाबाईकडं गेला. ती गावची सुईण, सत्तरीची. अर्धं नळदुर्ग तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत राहिली.

"तू बोलावलंस, ते आले. त्येंचं काय चुकलं?"

"आता जा म्हनतोय तर जात न्हाईत, माय."

"घरी आल्याला उठवायला घरची बाई लागती. तुजी कुटं हाय?"

 म्हातारीनं सुपारीचं खांड त्याच्या हातावर ठेवलं. "पोरगी यायच्या आत घर साफ कर मंजी झालं. वल्या बाळंतिणीला असलं काय दिसू नये."

त्यानं घर साफ केलं. भिंती खरवडल्या, जमीन उकरून नव्यानं चोपली, शेणानं सारवली. मग भट्टीवरनं कळीचा चुना आणला. विरवायचा आणि सगळ्या घराला पांढरा हात द्यायचा, असा बेत होता. कळीचा चुना म्हणजे भाजलेला दगड. पाण्याचा थेंब पडला की उकळतो, ओल्या हातानं धरला तर कातडी जाते. मेलेलं जनावर त्यात पुरतात, किडासुद्धा धरत नाही. टोपली त्यानं पडवीत ठेवली. दोन दिवस एकही रोप आलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रेमाची गाडी आली.

ती आठ दिवस आधीच आली होती. गाडीतून उतरताना तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात गार होता.

"एवढी घाई का केलीस, बाई? निरोप तर धाडायचा."

"आत चला, अप्पा."

आत गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. गाडीवान पाणी पिऊन बैल सोडायला गेला तोवर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "चार दिस झाले. पोटात हालचाल न्हाय."

"सासूला सांगितलंस?"

"तिला सांगितलं असतं तर मला हिकडं कशाला धाडली असती?"

दगडाबाई आली. तिनं दार लावून घेतलं. धोंडप्पा पडवीत बसला. बऱ्याच वेळानं म्हातारी बाहेर आली आणि पदरानं हात पुसत राहिली. कोरडेच हात ती पुसत होती.

"काय, माय?"

"उद्याच्याला परत बघते," ती म्हणाली. "कान लावला. माजा कान म्हातारा झालाय." आणि त्याच्याकडं न बघता ती गेली. त्याला समजलं. तिचा कान म्हातारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो उठला तेव्हा प्रेमा अंथरुणावर नव्हती. ती पडवीत चुन्याच्या टोपलीसमोर उकिडवी बसली होती.

पांढऱ्या ढेकळांच्या मधोमध पिंपळ उभा होता. हातभर उंच. बाकीच्यांसारखी दोन पानं नव्हेत, भरगच्च पानं होती, हिरवीगार, तुकतुकीत. पडवीच्या कडेनं, भिंतीच्या बुडाशी, मागं घरातही जिथं जिथं उजेड पोचत होता तिथं बाकीची होती. त्यानं मोजली नाहीत. किती आहेत ते त्याला ठाऊक होतं.

"अप्पा," ती मान न वळवता म्हणाली, "चुन्यात?"

"बाजूला हो. म्या काढतो."

"भिंतीवरलंच हाय का ह्ये?"

"व्हय."

"तुमी हिंग भरला व्हता?"

"भरला व्हता."

 तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लहानपणी आईबरोबर ती पायथ्याशी उभी राहायची तेव्हा तिचा असाच चेहरा असायचा.

"दगडात धरलं," ती म्हणाली. "चुलीतल्या राखंत धरलंय, बघितलं मी. मडक्याला चीर हाय, मिठात बी धरलं असंल. चुन्यात धरलं. आन माज्या पोटात एक जीव धरंना." ती हे तक्रार केल्यासारखं बोलली नाही. हिशोब मांडून बघावा तसं बोलली. "मी काय चुन्याहून वाईट हाय, अप्पा?"

धोंडप्पाच्या हातात छिन्नी होती. तो कधी घेऊन आला होता त्याला आठवेना.

ती आत गेली आणि आईचं ताट घेऊन आली. हळद, पाण्यात कालवलेलं कुंकू, चार दाणे तांदूळ. तिनं ते चुन्याच्या ढेकळांवर वाहिलं. कुंकवाचा ओला ठिपका पडला तिथं चुना चुर्र झाला आणि बारीक वाफ आली. पानं हलली नाहीत.

"तुमचं हितलं बिऱ्हाड उठलं," ती म्हणाली. आवाज शिवगंगेचा होता. शब्दही तिचेच.

मग तिनं पोटावर तळहात ठेवला.

त्या वेळी तो तिला थांबवू शकला असता. पाच पावलांचं अंतर होतं. हे करू नकोस एवढं म्हणायला काही शहाणपण लागत नव्हतं. त्याला मुरुमच्या बांधावरचे मातीचे दोन लहान उंचवटे आठवले, एक दुसऱ्याहून किंचित मोठा. गंगम्माचा कोपरा आठवला. लेकीला बापाकडून काय मिळावं याचा विचार त्यानं केला, आणि त्याच्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

त्यानं छिन्नी खाली ठेवली.

"माज्याकडं या," प्रेमा म्हणाली. "जागा हाय."

दुपारपर्यंत सगळी रोपं वाळून गेली. चुन्यातला पिंपळ सगळ्यात शेवटी. हात लावला तेव्हा त्याची पानं पापडासारखी मोडली, आणि कुठल्याच रोपाला हिंगाचा वास उरला नव्हता.

त्याच संध्याकाळी प्रेमानं बापाचा हात ओढून पोटावर ठेवला. आत काही तरी हललं. लाथ मारल्यासारखं नव्हे. हळू, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, जागा बघत सरकल्यासारखं.

दगडाबाई आली, तिनं कान लावला आणि बराच वेळ उचलला नाही.

"ठोके हायत?" प्रेमानं विचारलं.

"जीव हाय," म्हातारी म्हणाली. ठोक्यांचं ती बोलली नाही.

आषाढाच्या अखेरीला प्रेमा बाळंत झाली. फार त्रास झाला नाही. मुलगा. घट्ट अंगाचा, सावळा, वजनदार. तो रडला नाही. दगडाबाईनं उलटा धरला, पाठीवर थापट्या दिल्या, तरी नुसता डोळे उघडून बघत राहिला. श्वास चालू होता. म्हातारीनं नाळ कापली, आंघोळ घातली, आणि बाळंतिणीला पुढचे बारा दिवस न्हाऊ घालायला मात्र तिनं आपल्या सुनेला धाडलं.

"माज्या गुडघ्यात वारा भरलाय," तिनं कुंपणापलीकडूनच सांगितलं.

मुरुमहून गंगम्मा आली. नातू मांडीवर घेऊन तिनं त्याच्या हातापायांच्या बोटांची पाहणी केली आणि तिला रडू फुटलं. "व्याही, म्या बोलले ते पोटात ठेवू नका," ती म्हणाली. जावई शांतलिंग उंबऱ्यावर बसून उगाच हसत होता. लिंगधारणा झाली, नाव विरुपाक्ष ठेवलं, गावात साखर वाटली. बलभीमनं दोन मुठी साखर खाल्ली, पोराकडं बघितलं आणि म्हणाला, "आज्यावानीच टणक हाय की रे." धोंडप्पा हसला. कित्येक महिन्यांनी तो हसला होता. प्रेमाचा चेहरा भरला होता. ती ओव्या म्हणायची. घर रिकामं नव्हतं.

भादव्यात झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही. माळवदावर पाणी साचलं, घरात दिवसाही अंधार. पोर मलूल झालं. ताप नव्हता, उलटी नव्हती, पण मान टाकून पडून राहायचं, रंग फिका पडला. धोंडप्पा वैद्याला आणतो म्हणाला.

"नगं," प्रेमा म्हणाली. "उघडलं की बरं वाटंल त्याला."

तिच्या आवाजात काळजी नव्हती.

धोंडप्पा पाळण्याजवळ बसून राहिला. झोपलेल्या पोराचं तोंड दाराकडं होतं. त्यानं पाळणा फिरवला, तोंड भिंतीकडं केलं आणि चिलीम भरायला घेतली. चिलीम पेटेपर्यंत तोंड पुन्हा दाराकडं होतं. ते वळताना त्यानं पाहिलं नाही. त्यानं उठून दाराला घोंगडं लावलं. आता उजेड फक्त माळवदातल्या साण्यातून, धूर जायच्या त्या भोकातून येत होता. तो समोर बसला, आणि या वेळी त्यानं नजर काढली नाही.

पोराचे डोळे मिटलेलेच होते. मान वळत असलेली दिसत नव्हती. पण थोड्या वेळानं हनुवटी वर आलेली होती, आणि तोंड साण्याकडं होतं.

त्यानं घोंगडं काढलं. 

पाचव्या दिवशी सकाळी उघडलं. अंगणात ऊन पडलं. घरात पोरानं पहिल्यांदाच आवाज केला, रडण्याचा नव्हे, बारीकसा.

"भूक लागलीया त्याला," प्रेमा म्हणाली आणि तिनं त्याला उचललं.

धोंडप्पानं, रीत म्हणून, पाठ फिरवली, तिला पदराखाली घेता यावं म्हणून. पावलं बाहेर गेलेली ऐकू आली तेव्हा त्यानं वळून पाहिलं.

तिनं पोराची सगळी बाळोती सोडली होती आणि त्याला अंगणात, भर उन्हात, ओल्या दगडावर निजवलं होतं. ती शेजारी बसून ओवी म्हणत होती. तिच्या चोळीच्या गाठी बांधलेल्याच होत्या. पोरानं दोन्ही तळहात उघडले, आकाशाकडं सपाट धरले, आणि ऊन अंगणातून सरेपर्यंत तसेच धरून ठेवले.